कोस बेट, कोसा रेशीम आणि कुणीच न विचारलेली षष्ठी

तळटीप

इथले सदस्य ‘कौशेय’ यांच्या परवाच्या लेखातली ही वाक्ये जशीच्या तशी देतो: “एजियन समुद्रातल्या कोस बेटावर अडीच हजार वर्षांपूर्वी रानरेशीम विणले जात होते. आपल्या विदर्भात रानरेशमाला कोसा म्हणतात. संस्कृतात कोश. बेटाचे नाव कुठून आले ते आता वेगळे सांगायला नको.”

त्याखाली वाहवा करणाऱ्यांची रीघ लागली आहे. त्या नावाची षष्ठी काय होते, हे मात्र एकानेही विचारलेले नाही. प्रतिसादात हे मावणार नाही, म्हणून वेगळा धागा काढतो.

ग्रीक नावाची व्युत्पत्ती प्रथमेवरून लावायची नसते, हा पहिला धडा आहे. प्रथमेतला शेवटचा ‘स’ बहुतेक वेळा विभक्तीचा असतो, नावाचा नसतो. कधी उलटेही होते आणि नावाचाच एखादा वर्ण प्रथमेत गळतो. इ.स.पू. ४८० च्या आरमारी लढाईमुळे सगळ्यांना ठाऊक असलेले सालामिस घ्या. षष्ठी सालामिनोस. मूळ अंगात, म्हणजे विभक्तीप्रत्यय लागण्याआधीच्या रूपात, ‘न’ आहे आणि प्रथमेत तो दिसतच नाही. आजचे ग्रीक लोक त्या बेटाला सालामिना म्हणतात, म्हणजे जुनी द्वितीयाच आता प्रथमा होऊन बसली आहे. ‘पुणे’ एवढेच ऐकून ‘पुण्याचा’ मधला ‘ण्या’ कुणाला कळणार नाही, तसेच हे.

आता कोस. आजच्या ग्रीकमध्ये प्रथमा ‘इ कोस’, षष्ठी ‘तिस को’, द्वितीया ‘तिन को’. इ, तिस, तिन ही स्त्रीलिंगी उपपदे. प्रथमा सोडली की ‘स’ गेला. तिथल्या नगरपालिकेचे नाव ‘दिमोस को’ असे लिहितात आणि विमानतळाच्या अधिकृत नावातही ‘को’ हेच रूप आहे. प्राचीन ग्रीकमध्येही हेच: प्रथमा कोस, षष्ठी को, द्वितीया को किंवा कोन. आथोस पर्वताचे नावही याच धर्तीवर चालते, षष्ठी आथो.

इलियडमध्ये दोन रूपे सापडतात. दुसऱ्या सर्गात, जहाजांच्या यादीत, ‘कोन’. चौदाव्यात ‘कोओन्दे’, म्हणजे ‘कोओसकडे’. दोन स्वर सुटे असलेले हे दुसरे रूप जुने, आणि ते मिसळून ‘को’ झाले. म्हणजे अंग ‘कोओ’.

विशेषणेही बघा. प्रसिद्ध ग्रीक वैद्य हिप्पोक्रातिस हा ‘कोइओस’, म्हणजे कोसचा. त्याच्या परंपरेतल्या एका वैद्यकग्रंथाचे नाव ‘कोआकाइ प्रोग्नोसिएस’. ज्या कापडावर हा सगळा डोलारा उभा केला आहे त्याला लॅटिनमध्ये म्हणतात ‘कोआ व्हेस्टिस’. इटालियन लोकांनी १९१२ पासून तीस वर्षे त्या बेटावर राज्य केले, त्यांच्या भाषेत ते ‘कोओ’. ‘स’ अंगातला असता तर यातल्या निदान एका रूपात तो टिकायला हवा होता.

कोसा आणि कोस यांना जोडणारा एकच दुवा आहे, तो ‘स’, आणि तो त्या नावाचा नाहीच.

कौशेय

तुमची षष्ठी मान्य. निष्कर्ष मान्य नाही, आणि ज्या सुरात तो काढला आहे तो तर अजिबात नाही.

ग्रीकची माहिती देताना तुम्ही एक नियम सोयीने गाळला. दोन स्वरांमधला ‘स’ ग्रीकमध्ये लोपतो. ‘गेनोस’ची षष्ठी मुळात ‘गेनेसोस’, तिची झाली ‘गेनेओस’, पुढे ‘गेनूस’. संस्कृतात मात्र ‘जनसः’ टिकले. मग तुम्हीच दिलेले जुने रूप ‘कोओस’ बघा. मधला ‘स’ गळण्यापूर्वी ते ‘कोसोस’ असू शकत नाही का? अंगात ‘स’ नाही हे तुम्ही सिद्ध केले. तो कधीच नव्हता, हे नाही.

दुसरे, पाणिनीचे सूत्र ४.३.४२, ‘कोशाड्ढञ्’. त्यावरून ‘कौशेय’, म्हणजे कोशापासूनचे रेशीम, हा शब्द सिद्ध होतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कौशेय आणि चीनपट्ट (चिनी रेशमी वस्त्र) शेजारी शेजारी येतात. रेशमाला कोशावरून नाव देण्याची पद्धत आपल्याकडे इतकी जुनी आहे. ग्रीकांकडे ज्या एकाच बेटाची रानरेशमासाठी ख्याती झाली त्याचे नाव कोस, आणि हा योगायोग म्हणून सोडून द्यायचा?

तिसरे, कोसची पाचव्या शतकातली नाणी. थाळी फेकणारा खेळाडू आणि शेजारी अक्षरे ‘कोस’. बेटाचे लोक स्वतःचे नाव ‘स’सकट कोरत होते.

युरोपातल्या प्राध्यापकाने दोन शब्द जोडले की ते भाषाशास्त्र आणि इथल्या माणसाने जोडले की लोकव्युत्पत्ती, हा न्याय आता पुरे झाला.

पूर्वरूप

स-लोपाचा मुद्दा दमदार आहे आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवे. सुराबद्दल तुमचे तुम्ही बघा.

दोन स्वरांमधला ‘स’ आधी ‘ह’ झाला आणि मग गेला. हे घडले कधी? क्नोसोस आणि पिलोस या प्राचीन राजवाड्यांत सापडलेल्या मृत्पट्टिकांमध्ये, म्हणजे इ.स.पू. चौदाव्या-तेराव्या शतकात, ते घडून गेलेले दिसते. त्यानंतर ग्रीकमध्ये जे शब्द बाहेरून आले त्यांचा ‘स’ शाबूत राहिला. सोने: ‘ख्रूसोस’. तीळ: ‘सेसामोन’. दोन्ही पूर्वेकडून, व्यापाराच्या वाटेने आलेले, दोन्ही त्याच काळातल्या मृत्पट्टिकांमध्ये नोंदलेले, आणि दोन्हींचा मधला ‘स’ आजही उच्चारला जातो. मालाबरोबर आलेल्या शब्दाचे काय होते ते इथे स्पष्ट दिसते. ‘कोश’ हा शब्द रेशमाबरोबर गेला असता तर ख्रूसोससारखा ‘स’ धरून बसला असता. ‘स’ गळण्यासाठी तो सोने आणि तीळ यांच्याही आधी ग्रीकांच्या तोंडी रुळलेला असायला हवा, आणि कोसच्या रेशमाचा पहिला उल्लेख आहे ॲरिस्टॉटलचा, इ.स.पू. चौथ्या शतकातला. मधल्या हजार वर्षांत ते नाव रेशमाशिवाय कसे आणि का जगले, ते तुम्ही सांगायचे आहे.

संस्कृत बाजूनेही अडचण आहे. ऋग्वेदात ‘कोश’ म्हणजे बादली, पिंप, सोमरसाचे भांडे. किड्याच्या घरट्याचा अर्थ त्यावरून पुढे आला. जितके मागे जाल तितका रेशमाचा अर्थ तुमच्या हातून निसटतो. स-लोपासाठी खूप मागे जावे लागते आणि रेशमासाठी पुढे यावे लागते. दोन्ही एकदम जमत नाही.

नाण्यावरचे ‘कोस’ म्हणजे प्रथमा. पुढच्या नाण्यांवर ‘कोइओन’ येते, म्हणजे ‘कोसकरांचे’. तिथे ‘स’ नाही.

पाणिनीचे सूत्र बरोबर आहे. ते भारतातल्या कौशेयाबद्दल आहे.

गलबत

मूळ नावाबद्दल तुम्ही भांडा. परक्यांनी या बेटाला काय म्हटले, त्यातून ‘तळटीप’ यांचा मुद्दा आणखी पक्का होतो. तुर्कीत कोसला म्हणतात इस्तांकॉय. जुन्या इटालियन नकाशांवर स्तांकिओ. दोन्ही ‘स्तिन को’वरून, म्हणजे ‘कोसला, कोसवर’. खलाशाला बेटाचे नाव प्रथमेत ऐकायला मिळत नाही. ‘कुठे चाललास?’ ‘स्तिन को.’ त्याने तेच उचलले.

त्याच्या पायऱ्या अशा आहेत. आजच्या उच्चारात ‘न’नंतरचा ‘क’ घोष होतो, म्हणून ‘स्तिन को’ हे कानाला ‘स्तिंगो’ ऐकू येते. तुर्की भाषेला शब्दारंभी ‘स्त’ चालत नाही, म्हणून आधी ‘इ’ लागतो, स्टेशनचे ‘इस्तास्योन’ होते तसा. आणि मग शेवटी ‘को’च्या जागी ‘कॉय’ येते, कारण तुर्कीत कॉय म्हणजे गाव. अनोळखी शेपटीला ओळखीचा शब्द चिकटला. ‘ग’ऐवजी ‘क’ येण्याचे कारणही तेच.

लिम्नोस बेटाचे मध्ययुगातले पाश्चात्त्य नाव स्तालिमेने, तेही ‘स्ति लिम्नो’ वरून. एव्हिया बेटाचे नेग्रोपोन्ते हा तर या प्रकाराचा कळस. खाल्किदाजवळच्या सामुद्रधुनीचे नाव एव्रिपोस, बोलीत एग्रिपोस. ‘स्तोन एग्रिपो’ मधला ‘न’ पुढच्या शब्दाला चिकटला, नेग्रिपो झाला. तिथे पूल होताच, म्हणून इटालियन कानांनी ‘पोन्ते’ ऐकले आणि ‘काळा पूल’ तयार. १४७० साली तुर्कांनी ते घेतल्यावर त्यांनी एग्रिबोझ म्हटले. ‘न’ त्यांच्या वाट्याला आला नाही.

जाता जाता एक सांगतोच. मराठी वर्तमानपत्रांनी ही नावे इंग्रजीतून उचलणे थांबवावे. ‘मायकोनॉस’ नाही, मिकोनोस. ‘चिऑस’ तर कुठल्याच भाषेत नाही. ग्रीकमध्ये हिओस, जुन्या उच्चारात खिओस. ‘कॉस’ लिहिणाऱ्यांनी दीर्घ ‘ओ’चा खून केला आहे, ते अक्षर ओमेगा आहे. आणि बेटांची नावे ग्रीकमध्ये सरसकट स्त्रीलिंगी असतात, कारण ‘निसोस’ म्हणजे बेट हे स्त्रीलिंगी. मराठीतही ती तशीच चालवावीत. ‘रोडोस सुंदर आहे’ म्हणताना चुकल्यासारखे वाटत नाही, पण ‘रोडोस ग्रीसला मिळाले’ म्हटले की कानाला खडा लागतो. ‘मिळाली’ हवे.

उंबरठा

‘सरसकट’ हा शब्द मागे घ्या. पोरोस पुल्लिंगी आहे, ‘ओ पोरोस’, कारण पोरोस म्हणजे वाट, खाडीतला मार्ग, आणि तो शब्द पुल्लिंगी. आयिओस एफ्स्त्रातिओस पुल्लिंगी, संताचे नाव. पाक्सी, फुर्नी, लिप्सी ही पुल्लिंगी अनेकवचने. स्पेत्सेस स्त्रीलिंगी अनेकवचन. प्सारा, किथिरा, अंदिकिथिरा नपुंसकलिंगी अनेकवचने: ‘ता किथिरा’, षष्ठी ‘तोन किथिरोन’. कास्तेलोरिझो नपुंसकलिंगी एकवचन, आणि त्याच बेटाचे अधिकृत नाव मेयिस्ती स्त्रीलिंगी. एकाच खडकाला दोन लिंगे.

शिवाय आज ग्रीसमध्ये बेटाला बोलताना ‘निसोस’ म्हणत नाहीत, ‘निसी’ म्हणतात, आणि ते नपुंसकलिंगी. म्हणून अगाथोनिसी, मेगानिसी ही नावे नपुंसकलिंगी आहेत. तुमचा नियम नाक्सोस, पारोस, रोडोस, सामोस या जुन्या ओस-वाल्यांपुरता खरा. त्यांचे दिसणे पुल्लिंगी आणि उपपद स्त्रीलिंगी, म्हणून ती लक्षात राहतात. त्यावरून सगळा एजियन एका लिंगात बसवता येत नाही.

ऐनबन

रेशमाकडे कुणीच नीट बघितलेले नाही आणि मूळ लेखाचा सगळा भार त्यावर आहे. कोसा आणि कोसचे रेशीम या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

आपला कोसा म्हणजे टसर. ॲन्थेरिया मायलिट्टा हा पतंग. अळ्या ऐन आणि अर्जुनाच्या पानांवर वाढतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत हे काम मुख्यतः ढिवर समाज करतो. कोष मोठा, टणक, कवचासारखा, आणि फांदीला स्वतःच्या देठाने लटकलेला. नुसत्या पाण्यात उकळून तो सुटत नाही, पाणी क्षारयुक्त लागते. पूर्वी राख घालत, आता सोडा. सोडा कमी पडला तर तार मध्येच तुटते, जास्त झाला तर तारेचा जीव जातो. मऊ पडलेल्या चार-सहा कोषांची तोंडे एकत्र धरून मांडीवर वळत एक धागा काढायचा. पतंग बाहेर पडून भोक पडलेल्या कोषांची अखंड तार निघत नाही, त्यांचा घिचा करतात, जाड आणि गाठीगाठींचा.

कोसचा पतंग वेगळ्या कुळातला. आजचे अभ्यासक तो पाकिपासा ओटुस मानतात. सरू, ओक, जुनिपर यांवर वाढणारा. थिरा बेटावर अक्रोतिरीच्या उत्खननात याच जातीचा कांस्ययुगातला कोष सापडला, त्यावरचा शोधनिबंध १९९७ चा आहे. म्हणजे एजियन लोकांना हा कोष घरच्या झाडावर मिळत होता, कुणी आणून देण्याची गरज नव्हती. ॲरिस्टॉटल त्याचे वर्णन करतो: शिंगे असलेली मोठी अळी, सहा महिन्यांत तिची रूपे बदलतात, बायका तिचे कोष उलगडून धागा काढतात आणि विणतात, आणि कोसमध्ये पांफिली नावाच्या स्त्रीने हे पहिल्यांदा केले असे सांगतात. कोषासाठी त्याचा शब्द आहे ‘बोम्बिकिया’. कोश नाही, कोस नाही, त्याच्या जवळपासचेही काही नाही. वस्तूला एक नाव, बेटाला दुसरे, आणि बेटाचे नाव वस्तूवरून आले असते तर हे ज्याने सगळ्यात आधी लिहिले त्याच्याच लेखनात दोन्ही शब्द इतके लांब का?

कापडही वेगळे. रोमन कवी ‘कोआ व्हेस्टिस’ची थट्टा करतात ती अंग दिसेल इतके झिरझिरीत म्हणून. कोसा साडी कुणी झिरझिरीत म्हणेल का?

कौशेय

पतंग वेगळा, झाड वेगळे, मान्य. पण माल वेगळा असला तरी नाव जाऊ शकते. आणि रोमन लेखक प्लिनी काय म्हणतो ते ‘ऐनबन’ यांनी टाळले. प्लिनीही पांफिलीचीच गोष्ट सांगतो, सरू आणि ओकसकट.

ऐनबन

टाळले नाही, तुमच्या सोयीसाठी सोडले होते. आता काढलेच आहे तर ऐका. प्लिनीच्या चौथ्या खंडात केओस बेटाचे वर्णन आहे, आणि तिथे तो व्हॅरोच्या हवाल्याने लिहितो की बायकांचे तलम वस्त्र या बेटावरून आले. केओसवरून, कोसवरून नाही. केओस हे आजचे केआ, अॅटिकाजवळचे. त्याचीही जुनी षष्ठी ‘केओ’. एक स्वर कमीजास्त झाला की कोस आणि केओस एकमेकांत मिसळतात, आणि लॅटिनमध्ये ते मिसळले आहेत. उद्या कुणी म्हणाले की पहिले रेशीम केओसचे, तर तुमचा कोसा कुठे जाणार?

कौशेय

म्हणजे तुम्हाला हवे तेव्हा प्लिनी पुरावा, मला हवा तेव्हा प्लिनी गोंधळलेला. चर्चा करायची असेल तर एक नियम ठेवा. नाहीतर सरळ सांगा की संस्कृतचे नाव घेतले की तुमचे पित्त खवळते.

तळटीप

संस्कृतचे नाव घेतल्याने कुणाचे पित्त खवळलेले नाही. ‘वेगळे सांगायला नको’ या तीन शब्दांनी खवळले आहे. जे सांगायलाच हवे तेच तुम्ही सांगितले नाही, आणि वाचणाऱ्यांनी ते सिद्ध झालेले समजून घेतले. याच पद्धतीने ‘बॉम बाहिया’ (चांगली खाडी) वरून बॉम्बे असे दोन पिढ्यांना शिकवले गेले. पोर्तुगीजमध्ये बाहिया स्त्रीलिंगी आहे, ‘बोआ’ हवे. तिथेही व्याकरणाचा एक प्रश्न विचारला असता तर ते मिटले असते. परक्यांनी केले तेव्हा आपण रागावलो. आपण कोसचे तेच करतो आहोत.

पूर्वरूप

‘कौशेय’ यांना संस्कृतशी नाते हवेच असेल तर ते कुठे शोधावे, ते सांगतो. मी पुरस्कार करत नाही, पण निदान ही वाट चालण्यासारखी आहे.

इलियडच्या चौदाव्या सर्गातल्या त्याच ‘कोओन्दे’वर एका जुन्या टीकाकाराने लिहून ठेवले आहे की कारियन भाषेत मेंढीला ‘कोओन’ म्हणतात. कारिया म्हणजे कोसच्या अगदी समोरचा अनातोलियाचा किनारा. कारियनच्या बहीणभाषा बघितल्या तर लुवियनमध्ये मेंढी ‘हवि’, लिकियनमध्ये तोच शब्द कंठ्य ‘ख’सारख्या आरंभाचा. आणि या सगळ्यांचा संस्कृत सोयरा आहे ‘अवि’, लॅटिनमध्ये ‘ओव्हिस’. ऋग्वेदात सोम गाळायला मेंढीच्या लोकरीची गाळणी, ‘अव्य’, वापरतात, तीच ही अवि.

या वाटेला रूपही जुळते, कारण दोन स्वर मोकळे असलेले ‘कोओ’ हेच होमरचे अंग आहे. स्थळही जुळते, कारिया समोर दिसतो. काळही अडवत नाही. एक दोष राहतो: टीकाकारांना बेटाचे नाव समजावण्यासाठी असे शब्द शोधून काढण्याची सवय होती. तरी मेंढी आणि अवि यांचे नाते खरे आहे, ते टीकाकाराच्या भरवशावर उभे नाही. आणि इथे संस्कृतातून ग्रीसला काही गेलेले नाही. दोघे एकाच आजोळचे.

ग्रीक इतिहासकार थुकिदिदेसने आठव्या खंडात या बेटाला ‘कोस मेरोपिस’ म्हटले आहे, नुकत्याच झालेल्या भूकंपात पडलेले, तट नसलेले शहर. आजच्या जागी शहर वसले ते इ.स.पू. ३६६ मध्ये. नाव त्याच्या कितीतरी आधीचे.

कौशेय

अवि मला माहीत आहे. मेंढीवरून बेटाचे नाव चालते आणि रेशमावरून चालत नाही, हे ऐकायला विचित्र आहे. रूप आणि स्थळ तुम्ही म्हणता तसे जुळते, हे कबूल करतो, फार आनंदाने नाही.

गलबत

लिंगाचा प्रश्न अर्धवट राहिला. ‘उंबरठा’ यांची यादी मी तपासली, बरोबर आहे. ‘सरसकट’ मागे. पण मराठीचे काय? मराठीत ‘बेट’ नपुंसकलिंगी, म्हणून सगळी बेटे नपुंसकलिंगी, असे तुम्ही म्हणणार असाल तर तेही खरे नाही.

उंबरठा

मराठीत लिंग ठरवताना मनात दडलेला सामान्य शब्द चालतो. ‘सायप्रस १९६० साली स्वतंत्र झाला’, कारण मनात ‘देश’. ‘माल्टा १९६४ साली स्वतंत्र झाला’, तेच. ‘क्रीट १९१३ साली ग्रीसमध्ये सामील झाले’, कारण मनात ‘बेट’. सायप्रसचे वर्णन भूगोलाच्या पुस्तकात करा, तेही लगेच नपुंसकलिंगी होते. म्हणून रोडोस ‘मिळाले’ हे बरोबर आहे. तुमच्या कानाला खडा लागतो तो ग्रीक उपपद डोक्यात असल्यामुळे. मराठी वाचकाच्या डोक्यात ते नाही.

गलबत

मग ‘श्रीलंका स्वतंत्र झाली’ का? तोही देशच. आणि ‘साष्टी १७३७ साली मराठ्यांनी जिंकली’. साष्टी बेटच होते. तुमचा दडलेला शब्द तिथे कुठे गेला?

उंबरठा

तिथे नावाचा शेवट जोरदार आहे. ‘लंका’ आणि ‘साष्टी’ ही मराठीत घरची नावे, त्यांचे लिंग आधीच ठरलेले. दडलेला शब्द फक्त परक्या नावांना लागतो.

गलबत

मग ‘अमेरिका’ परकी नाही? ‘अमेरिका स्वतंत्र झाली’ असेच म्हणतो ना? आणि सामान्यरूपही होते, अमेरिकेत. पण माल्टाचे ‘माल्ट्यात’ होत नाही आणि ‘माल्टेत’ही होत नाही, ‘माल्टात’ होते. दोन्ही आकारान्त, दोन्ही परकी. तुम्ही उदाहरण बघून नियम बेतता आहात.

उंबरठा

नियम बेतत नाही, थर सांगतो आहे. अमेरिका आणि आफ्रिका ही नावे मराठीत इतकी मुरली की लिंग आणि सामान्यरूप दोन्ही लागले. माल्टा, क्यूबा अजून वरवर आहेत, म्हणून प्रत्यय सरळ चिकटतो. इथाका मधे लटकलेली आहे: कुणी ‘इथाकात’ लिहितो, कुणी ‘इथाकेत’. जे नाव जितके वापरात तितके ते वाकते. यात तर्काला जागा नाही, वापराला आहे. प्रत्येक वाक्याला उलटतपासणी लावण्याआधी हे लक्षात घेतले तर बरे.

गलबत

उलटतपासणी लावली नसती तर हे थर बाहेर आले नसते. असो. मग कोसचे काय लिहायचे? अंग ‘को’ आहे तर ‘कोला गेलो’, ‘कोच्या किनाऱ्यावर’ लिहायला हवे. ग्रीक तसेच म्हणतात.

तळटीप

‘कोच्या’ लिहू नये. व्युत्पत्ती शोधताना ‘स’ काढायचा, मराठी लिहिताना नाही. मराठीने ग्रीक नावे प्रथमेसकट घेतली आहेत: नाक्सोसला, सामोसचा, आथोसवर. एकट्या कोसचा ‘स’ कापला तर नाक्सोसचे ‘नाक्सोला’ करावे लागेल, आणि मग होमेरोस, हेरोदोतोसपर्यंत जावे लागेल. पहिल्या उल्लेखाला ‘कोस बेट’ लिहावे, म्हणजे अंतराच्या कोसाशी घोळ होत नाही. पुढे ‘कोसला’, ‘कोसच्या’. लिंग नपुंसक. तिथल्या माणसाला ‘कोसकर’ म्हणता येते, पण वैद्यकग्रंथाचे नाव देताना ‘कोआकाइ’ हेच ठेवावे, ‘कोसकाइ’ करू नये.

अनेकवचनी नावांचे मात्र ठरवायला हवे. किथिरा ग्रीकमध्ये अनेकवचन, पण बेट एकच. मराठीत ‘किथिरा लहान आहेत’ म्हटले तर वाचक बेटांचा समूह समजेल. तिथे एकवचन करावे असे मला वाटते.

उंबरठा

किथिराचे एकवचन ठीक. पण पाक्सीचे करू नका, तिथे खरोखर दोन बेटे आहेत, पाक्सी आणि अंदिपाक्सी, आणि त्या जोडीलाही बोलताना ‘पाक्सी’च म्हणतात.

कौशेय

मूळ लेखातून ‘वेगळे सांगायला नको’ काढले आहे. त्या जागी ‘कोसा आणि कोस ही नावे कानाला सारखी लागतात, नात्याबद्दल मतभेद आहेत’ असे घातले. बाकी लेख तसाच राहील.

पूर्वरूप

‘मतभेद’ म्हणायला दुसऱ्या बाजूला एक तरी पुरावा लागतो. त्या वाक्यानंतर षष्ठी ‘को’ आणि होमरचे ‘कोओ’ एवढे दोन शब्द घाला, वाचक स्वतः ठरवेल. ‘अडीच हजार वर्षांपूर्वी’ हेही बदला, ॲरिस्टॉटलपासून मोजले तर तितकी होत नाहीत. आणि प्लिनीचा आधार ठेवणार असाल तर केओसचा उल्लेख त्याच परिच्छेदात हवा, तळटीपेत नको.

ऐनबन

आणि लेखात कोशाचे जे छायाचित्र लावले आहे ते टसरचे नाही, तुतीच्या रेशमाचे आहे. देठ दिसत नाही. तेही बदला.